मुलांना पार्कला न्यायचं वय कोणतं?



वार्षिक परीक्षा आटोपत आल्या की गटाच्या बैठकीत बचत, हप्ते, व्याज झाल्यावर एक विषय हमखास निघतो. सहलीचा. पूर्वी सहल म्हणजे देवदर्शन. जेजुरी नाहीतर तुळजापूर, आणि येता येता एखादं धरण. आता पोरांनी मोबाईलवर खोपोलीजवळचं इमॅजिका पाहिलेलं असतं, किंवा शेजारच्या तालुक्यात नवा वॉटर पार्क झालेला असतो. वर्गातलं कुणीतरी जाऊन आलेलं असतं. मग घरी टुमणं सुरू होतं, आणि बैठकीत कुणीतरी विचारतं, "माझा धाकटा चार वर्षांचा आहे, नेला तर चालेल का?"

या प्रश्नाचं उत्तर वर्षांत देता येत नाही. ते का, आणि मग कशावरून ठरवायचं, तेवढंच या लेखात सांगायचं आहे.

एसटीत वय चालतं. पाचाच्या आतलं पोर फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट. कंडक्टरने विचारलं की आईच्या तोंडून एखादं वर्ष कमीच निघतं, हे कंडक्टरलाही ठाऊक असतं. पार्कच्या गेटवर मात्र वय विचारतच नाहीत. तिथे भिंतीवर किंवा खांबावर पट्टी आखलेली असते आणि पोराला तिच्याजवळ सरळ उभं करतात. बऱ्याच ठिकाणी अर्धं की पूर्ण तिकीट हेसुद्धा त्या पट्टीवर ठरतं. आत गेल्यावर प्रत्येक पाळण्याच्या रांगेशी पुन्हा एक पट्टी. पोर तिच्या खाली भरलं तर नुसतं "बाळा, तुला नाही" म्हणतात आणि बाजूला काढतात. तिथे रडून, हात जोडून काही होत नाही, आणि होऊही नये.

उंचीच का, वय का नाही? पाळण्यात बसल्यावर मांडीवर किंवा खांद्यावरून जो दांडा खाली येतो, तो ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो. पोर लहान असेल तर दांडा मांडीला टेकतच नाही, मध्ये फट राहते, आणि पाळणा उलटा फिरला की त्या फटीतून ते घसरू शकतं. इमॅजिकातला नायट्रो नावाचा रोलर कोस्टर ४० मीटर उंचीवर जातो आणि ताशी १००च्या वर वेग घेतो. आपली एसटीसुद्धा इतकी पळत नाही. असल्या पाळण्यात पोराने हाताने घट्ट धरून भागत नाही, दांडाच नीट बसावा लागतो.

मोठ्या पाळण्यांना साधारण १२० ते १४० सेंटिमीटर उंची मागतात. म्हणजे चार फुटांना जरासं कमी, ते चार फूट सात इंच. आता हे वयाशी जुळवून बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे सात वर्षांचं मध्यम उंचीचं मूल १२१ सेंटिमीटरच्या आसपास असतं आणि दहा वर्षांचं १३८च्या आसपास. म्हणजे चांगल्या वाढीच्या दहा वर्षांच्या पोरालाही सगळ्यात मोठा पाळणा मिळेलच असं नाही. चार वर्षांचं मूल जेमतेम १०३ सेंटिमीटरचं. त्याच्या वाट्याला घोड्यांचा फिरता पाळणा, छोटी गाडी आणि आईसक्रीम. त्यासाठी एवढ्या लांब जायचं का, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून पहिलं काम घरातच करायचं. भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून, चप्पल काढून पोराला उभं करा, डोक्यावर वही आडवी ठेवून खूण करा आणि शिवणकामाच्या टेपने मोजा. लहानग्यांची उंची अंगणवाडीत मोजतातच, सेविकाताईंकडे नोंद मिळेल. मग पार्कला फोन करून किंवा मोबाईलवर बघून कोणत्या पाळण्याला किती उंची लागते ते काढा, आणि पोराला घरीच सांगा, "हे तीन तुला मिळतील, हा नाही मिळायचा." घरी रुसलेलं पोर संध्याकाळपर्यंत खेळायला लागतं. रांगेत तासभर उभं राहून, सगळ्यांसमोर बाजूला काढलेलं पोर उरलेला दिवस घालवतं, स्वतःचाही आणि तुमचाही.

मोजताना एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. आपल्या राज्यात पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत ३५ मुलं वयाच्या मानाने बुटकी आहेत, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलं आहे. तुमचं पोर बरोबरीच्या पोरांपेक्षा बरंच खाली भरलं तर "आमच्या घरात सगळे ठेंगणेच" म्हणून सोडून देऊ नका. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांच्या पथकाला दाखवा.

जत्रेत पट्टी नसते

आपल्यापैकी बऱ्याच जणी पार्कला पुढे कधीतरी जातील, पण जत्रेला यंदाही जाणारच. सोलापूरचा गड्डा घ्या, माळेगावची जत्रा घ्या, नाहीतर आपल्याच गावचा उरूस. आकाशपाळणा, ड्रॅगनची गाडी, ब्रेक डान्स सगळीकडे असतं. हे पाळणे आज इथे उभे राहतात, आठ दिवसांनी ट्रकवर चढून दुसऱ्या गावाला जातात. तिथे उंचीची पट्टी क्वचितच दिसते. पैसे दिले की कुणालाही बसवतात, पाच वर्षांच्या पोरालाही आणि मांडीवर बाळ घेतलेल्या बाईलाही.

तेव्हा तिथे पट्टी आपणच व्हायचं. बसण्याआधी पाळणा एक फेरी रिकामा किंवा दुसऱ्यांना घेऊन फिरताना बघा. दांड्याला कडी आहे का, की सुतळीने बांधलाय? पोर बसल्यावर दांडा त्याच्या मांडीजवळ येतो की छातीसमोर नुसता लोंबतो? लोंबत असेल तर उतरवा, पैसे गेले तर जाऊ देत. मांडीवर बाळ घेऊन आकाशपाळण्यात बसू नका. ओढणी आणि पदर खोचून घ्या, मुलींच्या वेण्या बांधून घ्या.

उंची झाली, आता पोराकडे बघा

उंची बसली म्हणजे पोर तयार झालं असं नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला खरं आणि सोंग यातला फरक नीट कळत नाही. मोठं डोकं घातलेलं अस्वल हात मिळवायला आलं की आपण फोटो काढतो आणि पोर किंचाळतं. अंधारातल्या राइड, अचानक येणारे आवाज यांनी ते रात्री झोपेतही दचकतं. त्याची दुपारची झोप मोडते. आणि खरं सांगायचं तर, साडेतीन वर्षांच्या आधीच्या फारशा आठवणी मोठेपणी कुणालाच राहत नाहीत. "त्याला आयुष्यभर आठवेल" म्हणून दोन वर्षांच्याला न्यायचं असेल, तर ती आठवण तुमची आणि फोटोची.

प्रवासाचंही बघा. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखाली फारसा नसतो, पण पुढे बारा वर्षांपर्यंत तो सगळ्यात जास्त असतो. जे पोर तालुक्याला जाताना ओकतं, ते घाट उतरून पार्कला पोचेल तेव्हा निम्मं गळालेलं असेल. गोल फिरणाऱ्या पाळण्यातही त्याला तेच होणार. त्याला मोकळं ठेवा, बळेच चढवू नका.

माझ्या मते साधारण सहा-सातनंतर विचार करावा, आणि तोही तीन गोष्टी बघून. बाजाराच्या दिवशी पोर सकाळपासून दुपारपर्यंत पायी फिरतं का, की तासाभरात कडेवर चढतं? स्वतःचं पूर्ण नाव, गावाचं नाव आणि घरातला एक मोबाईल नंबर घडाघडा सांगतं का? आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. भीती वाटली तर "मला नाही बसायचं" असं म्हणतं का? भाऊबंदांनी चिडवलं म्हणून गुपचूप चढणारं पोर अजून तयार नाही, भले ते दहा वर्षांचं असो. आणि नको म्हणणाऱ्याला "भित्रा कुठला" म्हणणाऱ्या काकांना गाडीतच गप्प करा.

आता ज्यावर बैठकीत कुणीच बोलत नाही ते. धाकट्याला नेलं, तर त्याला दिवसभर धरणार कोण? आईला तिकिटं, पिशव्या, सासूबाईंचं बघायचं असतं. बाप पोरगे घेऊन मोठ्या पाळण्याच्या रांगेत. मग बाळ येतं ते दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या कडेवर. "ताई ना तू, जरा सांभाळ." ती पट्टीत बसते, तिचं पूर्ण तिकीट काढलेलं असतं, पार्कला यायचं खरं वय तिचंच असतं, आणि ती बाकावर बसून भावाला बिस्कीट भरवत इतरांच्या आरोळ्या ऐकते. घरी भांडी, शाळेतून आल्यावर बाळ, आणि वर्षातून एकदा आलेल्या सहलीतही बाळच.

म्हणून धाकटा किती वर्षांचा झाला हे विचारण्याआधी, मोठीला तिचा दिवस मिळणार आहे का हे विचारा. मिळणार नसेल तर दोन वाटा आहेत. धाकट्याला एक दिवस आजीकडे किंवा मावशीकडे ठेवा, त्याचं काही बिघडत नाही. नाहीतर मोठ्या माणसांनी घड्याळ लावून पाळी वाटून घ्या, आणि त्यात बाप्येही धरा. गटाची सहल असेल तर पाच घरांची लहानगी मिळून दोन बायांनी सांभाळायची आणि तासाने बदली करायची. ही वाटणी गाडीत बसण्याआधी ठरवा, तिथे गेल्यावर कुणी ऐकत नाही.

पाण्याचं वेगळं

वॉटर पार्कला आपल्यातल्या बहुतेकींना पोहता येत नाही हे धरूनच चाला. बुडणारं मूल ओरडत नाही, हातही हलवत नाही. ते गपकन खाली जातं, आणि लहान पोराला गुडघाभर पाणीही पुरतं. जीवरक्षक असला तरी तो शंभर जणांकडे बघत असतो. सहा-सात वर्षांच्या आतलं पोर हात लांबवला की हाताला लागेल इतक्या जवळ हवं, आणि धरणाऱ्या माणसाच्या हातात मोबाईल नको. हवेची ट्यूब म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. ट्यूब उलटते. लाटांच्या तलावात लहानग्यांना नेऊच नका.

साडी, सलवार-कमीज किंवा सुती कपड्यांवर बहुतेक ठिकाणी पाण्यात सोडत नाहीत, कारण कपडा ओला होऊन जड होतो आणि घसरगुंडीत अडकतो. नायलॉनचा पोशाख लागतो. तिथे भाड्याने मिळतो, वर डिपॉझिट भरावं लागतं. हे आधी कळलं तर कमी पैशांत बाजारातून टी-शर्ट-पँट घेता येते, आणि संकोचही घरीच मिटवता येतो.

मोठ्या मुलींची पाळी त्याच दिवशी आली तर तिला घरी ठेवू नका. पाण्यात नसेल जायचं तर कोरड्या पाळण्यांना काही अडत नाही. पॅड, जादा कपडे पिशवीत ठेवा आणि तिला एकटीला बाजूला बसवू नका.

पैशांचं काय

सहलीसाठी गटातून कर्ज मागितलं की भुवया उंचावतात. लग्नाच्या बस्त्याला मागितलं तर कुणी विचारत नाही, हा भाग वेगळा. तरीही मी म्हणेन, कर्ज नको. समजा ६,००० रुपये शेकडा २ रुपये व्याजाने घेतले आणि दहा महिन्यांत फेडले, तर ६६० रुपये व्याज जातं. तेच आधी दरमहा ५०० बाजूला टाकले तर वर्षात ६,००० हातात येतात, आणि तोवर पोरगी दोन इंच वाढलेलीही असते. काही गट नेहमीच्या बचतीशिवाय सहलीची वेगळी वही ठेवतात, ते चांगलं आहे. फक्त दोन्ही पैसे एकाच नोंदीत मिसळू नका, नाहीतर ऑडिटला घोळ होतो.

ठरवण्याआधी पार्कला फोन लावाल तेव्हा एवढं विचारून घ्या: लहान मुलाचं तिकीट किती उंचीपर्यंत, सोमवार ते शुक्रवार दर कमी आहे का, वीस-पंचवीस जणींच्या गटाला सूट मिळते का, आणि घरची भाकरी आत नेऊ देतात का. बहुतेक ठिकाणी नेऊ देत नाहीत, त्यामुळे गेटबाहेर सावलीत बसून पोटभर खाऊनच आत जा. आत शिरण्याआधी प्रत्येक पोराचा त्या दिवशीच्या कपड्यात एक फोटो काढा, हरवलं तर तोच दाखवता येतो. मोबाईल नंबरची चिठ्ठी खिशात टाका. पाण्यात जाणार असाल तर नंबर बॉलपेनने दंडावर लिहा, आणि पुसट झाला की पुन्हा लिहा.