मॉनिटरवरचं ते स्टिकर

स्टॉकहोम : नोव्हेंबरअखेरीस इथे दुपारी तीनलाच दिवेलागण होते. परवा ज्यांच्याकडे गेलो त्यांच्या घरात मात्र मेणबत्त्याच होत्या. फोन बंद करून गाडीतच ठेवा, असं बाईंनी आधी कळवलं होतं, तेही पोस्टकार्डानं. पूर्वी त्या एका कचेरीत दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसत. गाल भाजल्यासारखे व्हायचे. पुढे ट्यूबलाइट सोसेना, मग फोन.

स्वीडिश भाषेत या त्रासाला नाव आहे, आणि त्याची फोड सोपी : वीज, अति, संवेदनशीलता. १९८०च्या दशकात कचेऱ्यांत कॉम्प्युटर शिरले तेव्हा अशा तक्रारींची लाटच आली. हा देश संघटनांचा. तक्रारी डॉक्टरांकडे गेल्या तशा युनियनकडेही गेल्या. १९८७ मध्ये पीडितांनी आपली संघटना काढली. पांढरपेशा नोकरदारांच्या ‘टीसीओ’ या महासंघानं १९९२ मध्ये, पडद्यातून निघणाऱ्या विद्युत व चुंबकीय क्षेत्रांवर मर्यादा घालणारं प्रमाणपत्र आणलं. आपल्याकडच्या त्या जाडजूड मॉनिटरच्या कोपऱ्यात ‘टीसीओ’चं स्टिकर असायचं, आठवतंय? ते इथलं. मी इतकी वर्षं ते कंपनीचं नाव समजत होतो.

त्रास होणाऱ्यांना खोलीत बसवून, त्यांना न सांगता क्षेत्र कधी चालू, कधी बंद ठेवायचं, असे प्रयोग बरेच झाले. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये त्यांतले ३१ एकत्र तपासले. चालू-बंद ओळखणं या मंडळींना इतरांपेक्षा अधिक जमतं, असा भक्कम पुरावा सापडला नाही. खोटंच ‘चालू’ भासवलं तरी डोकं दुखायचं. दुखणं खरं, त्याचं कारण चुंबकीय क्षेत्र हे मात्र ठरत नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ स्वीडननं केली नाही, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. वैद्यकीय निदान म्हणून मान्यता नाही. पण पीडितांच्या संघटनेला, अपंगांच्या इतर संघटनांप्रमाणे, सरकारी अनुदान मिळत आलं आहे.

अशा क्षेत्रांमुळे मुलांना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, होतो का, ही गोष्ट निराळी. उच्चदाबाच्या तारांपासून ३०० मीटरच्या आत राहणाऱ्यांचा कॅरोलिन्स्का संस्थेनं अभ्यास केला, त्याचा अहवाल १९९२चा. जास्त क्षेत्रात राहणाऱ्या मुलांत ल्युकेमियाचं प्रमाण अधिक दिसलं, पण ल्युकेमियाची सगळी मुलं मिळून ३९च. कार्यकारणसंबंध आजही सिद्ध नाही. तरी पाच सरकारी खात्यांनी १९९६ मध्ये सल्ला दिला : नवी घरं, शाळा, वीजवाहिन्या आखताना, खर्च आवाक्यात असेल तर क्षेत्र कमी ठेवा. बंदी नाही, घबराटही नाही.

त्या प्रयोगांबद्दल मी बाईंना जरा चाचरतच विचारलं.

“एकात मीही बसले होते,” त्या म्हणाल्या.

“मग, ओळखता आलं?”

“नाही.” त्यांनी लाकडाच्या चुलीवरची किटली उतरवली आणि माझ्या कपात कॉफी ओतली.