तळ्याकाठच्या तंबूत शेगडी

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सगळे भंडारदऱ्याला गेलो होतो. सगळे म्हणजे आजीपासून धाकट्या भाच्यापर्यंत तीन पिढ्यांचे चौदा जण. प्रवरा नदीवरचे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाकाठी चार तंबू भाड्याने घेतले होते. सहलीचे वर्णन करण्याचा इथे हेतू नाही. त्या रात्री एक प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर सर्वांना पटेपर्यंत अर्धा तास गेला. चौदा जणांत तीन शिक्षक असूनही एवढा वेळ लागला, म्हणून ते लिहून काढावेसे वाटले.

संध्याकाळी शेगडीवर वांगी भाजून झाली, जेवणे झाली. भाच्याने शाळेतला तापमापक आणला होता. सहा वाजता हवा २२ अंश सेल्सिअस होती आणि काठाचे पाणी २३ अंश. रात्री दहा वाजता हवा १३ अंशांवर उतरली, पाणी मात्र जवळपास तिथेच होते. आजी मोठ्या तंबूत दोन गोधड्या पांघरूनही कुडकुडत होती. ते पाहून काकांनी शेगडी उचलली आणि तंबूकडे निघाले.

"दादा, ती बाहेरच राहू दे," आत्या म्हणाली.

"अगं, धूर आहे का कुठे? निखारे विझत आलेत. आईला जरा ऊब येईल, मग काढून ठेवू."

धूर नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे, आणि नेमकी तीच चुकीची आहे. शेगडीत काय घडते ते पाहू. तळाशी भरपूर हवा मिळते, तिथे कोळशातील कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. हा वायू वरच्या लालबुंद कोळशांमधून जाताना आणखी कार्बन घेतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. चांगल्या पेटलेल्या शेगडीवर निळसर ज्योती नाचताना आपण पाहिल्या असतील. तो हाच वायू वरच्या हवेत जळत असतो. निखाऱ्यांवर राख धरली आणि ज्योती दिसेनाशा झाल्या की वायू तयार होणे थांबत नाही. फक्त तो न जळता बाहेर पडू लागतो. म्हणजे काका ज्या शेगडीला विझत आलेली, निरुपद्रवी समजत होते, ती भडकलेल्या शेगडीपेक्षाही फसवी होती.

या वायूला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा त्याची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी रक्तातली जागा अडवून बसतो आणि शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, गरगरते, गळून गेल्यासारखे होते. प्रवासाने दमलेल्या माणसालाही हेच होते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. झोपलेल्या माणसाला तर तेही कळत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे सहलीला गेलेल्या केरळमधील आठ जणांचा बंद खोलीत असाच मृत्यू झाला. त्यांत चार मुले होती. तिथे शेगडी नव्हती, गॅसवर चालणारा हीटर होता. जळण कोणतेही असो, बंद जागेत हवा अपुरी पडली की हा वायू तयार होतो.

काका गप्प झाले, पण आजी झाली नाही. "माझ्या पाचही बाळंतपणांत बाजेखाली शेगडी होती. मला काही झालं नाही."

हा मुद्दा हसून सोडून देण्यासारखा नव्हता. आजीचे ते घर कौलारू होते. कौलांच्या फटींतून, आढ्याखालून, कुडाच्या भिंतींतून हवा सतत खेळत असे; गरम हवा वर जाऊन कौलांतून निघून जाई. धोका तिथेही होताच, पण घराच्या गळकेपणाने तो कमी केला होता. आमचा तंबू पाऊस आत येऊ नये म्हणून लेप दिलेल्या नायलॉनचा होता. पाणी अडवणारे कापड हवाही अडवते. चेन ओढून घेतली की चार माणसांना जेमतेम पुरेल एवढी बंद पेटीच ती. सिमेंटच्या घरातल्या खिडक्या-दारे लावलेल्या खोलीलाही हेच लागू पडते. कौले गेली, पण बाजेखालची शेगडी अनेक घरांत राहिली, याची काळजी वाटते.

आजीला ते पटले. "मग माझ्या थंडीचं काय?" हा पुढचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता.

निजलेला मोठा माणूस तासाला साधारण ७० किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे सुमारे ८० वॉटच्या दिव्याइतकी. आजीच्या तंबूत चार जण होते. तीनशे वॉटची शेगडी तंबूत आधीच होती म्हणायची. कमी पडत होते ते उष्णता अडवणे. आजीने दोन्ही गोधड्या वर घेतल्या होत्या आणि खाली नुसती सतरंजी होती. गोधडी ऊब देते ती तिच्यात अडकलेल्या हवेमुळे. अंगाखाली दबलेल्या सतरंजीत हवा उरतच नाही आणि थंड जमीन अंगातली उष्णता ओढत राहते. जवळच्या वस्तीवरून भाताचा पेंढा मागून आणला. तो वीतभर जाड पसरला, वर सतरंजी, वर एक गोधडी. पेंढ्याच्या पोकळ काड्या दबल्या तरी त्यांत हवा राहते. बाहेरच्या चुलीवर पाणी तापवून शेकायची रबरी पिशवी भरली आणि आजीच्या पायांशी ठेवली. पिशवीत दोन लिटर पाणी होते. ते ६० अंशांवरून ३५ वर येईपर्यंत ५० किलोकॅलरी देते. हिशेब केला तर ती आजीच्या स्वतःच्या तासाभराच्या उष्णतेहूनही कमी भरते. पण गारठलेल्या पायांना हिशेब कळत नाही. आजी दहा मिनिटांत झोपली.

एक चूक मात्र झाली. गारवा नको म्हणून आत्यानेच तंबूच्या वरच्या झडपा लावून टाकल्या. सकाळी आतल्या बाजूने पाणी ठिबकत होते. मुलांना वाटले, तंबू गळतो. पण पाऊस नव्हता. माणूस रात्रभरात श्वास आणि त्वचा यांवाटे साधारण पाव लिटर पाणी वाफेच्या रूपात टाकतो. चौघांचे मिळून लिटरभर. एक घनमीटर हवेत २० अंशांना १७ ग्रॅमपर्यंत वाफ मावते, १० अंशांना मात्र ९ ग्रॅमच. वर निरभ्र आकाश होते, त्याकडे उष्णता टाकून कापड बाहेरच्या हवेपेक्षाही गार झाले होते. त्याला टेकलेल्या हवेतली वाफ तिथेच थिजली. जांभळाखाली लावलेला तंबू बराच कोरडा होता, कारण त्याच्या आणि आकाशाच्या मध्ये झाड होते.

पहाटे भाच्याने पुन्हा तापमापक धरला. हवा ९ अंश, पाणी २१. तळ्यातून वाफा निघत होत्या आणि लहानग्यांना पाणी उकळतेय असे वाटले. एक लिटर पाणी एका अंशाने निवताना जेवढी उष्णता देते, तेवढीने तीन घनमीटरांहून जास्त हवा एका अंशाने तापते. आजीच्या पायांशी होती तीच पिशवी, फक्त तळ्याएवढी. म्हणून तळे रात्रभरात दोन अंश उतरले आणि हवा तेरा अंश.

हिवाळ्यात शाळेत हे थोडेसे करून पाहता येते. स्टीलच्या दोन सारख्या थाळ्या संध्याकाळी मैदानात पालथ्या ठेवाव्यात, दोन्हींखाली सारखाच पेंढा किंवा वर्तमानपत्रांची चवड असावी. एक उघड्यावर, दुसरी चार काठ्यांवर ताणलेल्या चादरीखाली. चादर बाजूंनी मोकळी हवी, म्हणजे दोन्हीकडे हवा तीच राहील. स्टील उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, म्हणून थाळ्यांच्या वरच्या बाजूला काजळी किंवा काळा रंग लावून घ्यावा. सूर्य उगवण्याआधी मुलांना दोन्ही थाळ्यांवरून बोट फिरवायला सांगावे आणि दव कुठून आले हे आधी त्यांनाच विचारावे. 'आकाशातून पडले' असे उत्तर येईल. मग चादरीची वरची बाजूही चाचपून पाहू द्यावी, आणि खालचीही.