लाईकने पोतं रिकामं होत नाही!

शेतकरी बंधू-भगिनींनो, रब्बीची ज्वारी मळून पोती घरात लागली की आपल्यातली तरुण पोरं लगेच मोबाईलवर राशीचा फोटो टाकतात. शे-दोनशे लोक अंगठा उमटवतात, कुणी ‘लय भारी’ म्हणून लिहितो. पोती मात्र जिथल्या तिथे! शेवटी आडत्याला फोन जातो आणि मंगळवेढ्याची मालदांडी चार ठिकाणच्या ज्वारीत मिसळून एकाच भावाने जाते. वर्षभराच्या कष्टाची ओळख त्या ढिगात पुसली जाते.

फोटो पाहून खूष होणारा माणूस गिऱ्हाईक का होत नाही? कारण त्याला काय विचारावं हेच ठाऊक नसतं. खरिपाची ज्वारी कोणती, रब्बीची कोणती, घराला किती लागेल, धान्य घ्यावं की पीठ, यातलं पुण्या-मुंबईच्या नव्या पिढीला फारसं माहीत नाही. अज्ञान दिसायला नको म्हणून तो गप्प बसतो. बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात, पण नुसतं बोलूनही भागत नाही. आठवडी बाजारातला हुशार दुकानदार आधी विचारतो, “घरात माणसं किती? रोज खाता की अधूनमधून?” उत्तर देता देता गिऱ्हाईक स्वतःच पिशवी पुढे करतं. हेच काम मोबाईलवर प्रश्नमंजूषेने, म्हणजे ‘क्विझ’ने होतं.

त्यासाठी पैसे लागत नाहीत. व्हॉट्सअॅपवर २०२२ पासून ‘पोल’ची सोय आहे, इन्स्टाग्रामच्या स्टोरीत २०१९ पासून क्विझचं स्टिकर आहे. पाच-सहा प्रश्न एकत्र विचारायचे तर गुगल फॉर्म मराठीतही करता येतो आणि उत्तर दिल्यावर खुलासाही दाखवता येतो.

प्रश्न कोणते विचारावेत?

मालदांडीचंच उदाहरण घ्या. पहिला प्रश्न: ‘भाकरीला शुभ्र, टपोरी ज्वारी कोणत्या हंगामाची?’ खुलासा असा द्या, की खरिपाची ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली तर दाण्याला बुरशी लागून तो काळा पडतो. रब्बीची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, ती कोरड्या हवेत पिकते, म्हणून तिचा दाणा मोत्यासारखा राहतो.

दुसरा प्रश्न: ‘मालदांडी हे काय, गाव की वाण?’ वाण! मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करूनच एम ३५-१ हा नामांकित वाण तयार झाला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हेही इथेच सांगून टाका.

हे दोन प्रश्न गिऱ्हाइकाला शहाणं करण्यासाठी. पुढचे तीन आपल्याला शहाणं करण्यासाठी. ‘घरात रोज किती भाकरी होतात?’, ‘धान्य हवं की पीठ?’ आणि ‘आपला पिनकोड कोणता?’ यात चूक-बरोबर काही नाही. शेवटी व्हॉट्सअॅप नंबर मागा आणि ‘निरोप पाठवला तर चालेल का?’ हेही विचारा.

उत्तर आल्यावर काय?

खरं काम इथून पुढे आहे. ‘धन्यवाद’ म्हणून गप्प बसलात तर सगळं पाण्यात. त्याच दिवशी त्या घरापुरता सल्ला पाठवा. किलोभर पिठाच्या साधारण दहा भाकरी धरा. रोज चार भाकऱ्या असतील तर महिन्याला १२ किलो लागेल. म्हणजे ३० किलोचं पोतं अडीच महिने पुरतं. रोज दोनच भाकऱ्या असतील तर महिन्याला ६ किलो पुरे. अशा घराच्या गळ्यात ५० किलो मारू नका. आधी ५ किलो नमुना द्या. पीठ मागणाऱ्याला सांगा, की जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते, त्यापेक्षा धान्य घेऊन लागेल तसं दळून आणा. दर आणि वाहतूक वेगवेगळी लिहा.

पिनकोडचा उपयोग भाड्याला होतो. ज्वारी जड, एकेक पार्सल पाठवायचं तर भाडंच नफा खातं. एकाच भागातली दहा-पंधरा घरं निघाली तर एक दिवस ठरवून टेम्पो तिकडेच न्या.

एवढं सांभाळा

बक्षीस ठेवायचं तर किलो-दोन किलो ज्वारीच ठेवा. मोबाईल ठेवलात तर मोबाईलवाले गोळा होतील, भाकरीवाले नाहीत. कबूल केलेलं बक्षीस द्याच. ‘ज्वारीने मधुमेह बरा होतो’ असले दावे करू नका. ज्वारीत ग्लुटेन नसतं हे खरं आहे, तेवढं सांगा. मानांकनाचं नाव व चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या. आधार क्रमांक, ओटीपी, बँकेचा तपशील चुकूनही मागू नका; फसवणुकीच्या भीतीने लोक फॉर्म तिथेच सोडतील. मिळालेले नंबर दुसऱ्याला देऊ नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केलेला आहे.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनीही यात हात घालावा. प्रत्येकाने वेगळा फॉर्म काढण्यापेक्षा गावाचा किंवा शेतकरी गटाचा एकच करावा. बचत गटातल्या शिकलेल्या भगिनीकडे उत्तरं पाठवण्याचं काम द्यावं, आणि कामाचा मोबदलाही द्यावा. माल एकाच काट्यावर तोलावा. प्रश्नमंजूषेत सांगितली तीच ज्वारी पोत्यात असली पाहिजे. एका घरात खराब माल गेला तर सगळ्या सोसायटीत बोभाटा व्हायला वेळ लागत नाही.

एक वही घाला आणि पाच रकाने आखा: किती जणांनी प्रश्न सोडवले, किती जणांनी नंबर दिला, किती जणांनी दर विचारला, किती जणांनी घेतली, आणि किती जणांनी पुन्हा मागवली. लाईकचा रकाना नकोच. गळती कुठे होते ते वहीच दाखवेल. दर विचारून लोक थांबत असतील तर भाड्याचं बघा. एकदा घेऊन पुन्हा येत नसतील तर मालाचं बघा.

वर्षाचं धान्य भरणारी घरं मार्च ते मे या काळात खरेदी करतात. तेव्हा पोती घरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हुरड्याच्या दिवसांतच, डिसेंबर-जानेवारीत, पहिला प्रश्न टाका. मळणी होईपर्यंत कुणाच्या घरी किती पोती जायची, याची यादी तुमच्या हातात असेल. मग आडत्याशी बोलतानाही तुमचा आवाज वेगळा लागेल, बघा!