छोटी विमाने का पडतात?

गेल्या गणेशोत्सवात आरती आटोपल्यावर प्रसादाच्या रांगेत एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला बाजूला घेतले. "अहो, लेकीला विमान चालवायला पाठवताय म्हणे? सांभाळा हो! ती जुनी डबडी, वर गेल्यावर बंद पडतात." मी हसून वेळ मारून नेली, पण पोटात गोळा आला होता हे कबूल केले पाहिजे. कारण फ्लाइंग क्लबचा अर्ज घरी फ्रिजवर चुंबकाखाली अडकवलेला होता. इथे जर्मनीत सोळाव्या वर्षी शिकाऊ वैमानिकाला एकट्याने विमान उडवता येते, परवाना सतराव्या वर्षी मिळतो. मुलगी अजून सज्ञान नाही, म्हणून आई-वडील दोघांच्याही सह्या हव्यात. हिने सही केव्हाच केली होती. माझी जागा कोरी होती.

माझा व्यवसाय संगणकप्रणाली लिहिण्याचा, डॉक्टरेट अभियांत्रिकीतली. एखादी प्रणाली कोसळली की ती का कोसळली याचे अहवाल वाचणे हे माझे रोजचे काम. तेव्हा विमानांच्या बाबतीतही ऐकीव गोष्टींपेक्षा अहवालच वाचावेत असे ठरवले. ब्राउनश्वाइग येथे 'बुंडेसश्टेले फ्यूर फ्लूगउनफालउंटरझूखुंग' ही विमान अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था आहे. (एवढे नाव एका दमात घेता आले की जर्मन आले असे समजावे!) १९९८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे अहवाल कोणालाही फुकट वाचायला मिळतात. दोषी कोण हे ठरवणे त्यांचे काम नाही. पुन्हा असे घडू नये एवढाच हेतू. त्यामुळे त्यांची भाषा कोरडी आणि म्हणूनच विश्वासार्ह असते. गेला हिवाळा मी ते वाचण्यात घालवला.

पहिली गोष्ट कळली ती ही, की आमच्या स्नेह्यांचे डबड्याबद्दलचे मत निम्मेच खरे होते. शिकवण्यासाठी वापरली जाणारी बरीच विमाने जुनी असतात हे खरे. सेसना १५२ चे उत्पादन १९८५ मध्येच थांबले, तरी ती अजून उडताना दिसतात. पण यंत्र आपणहून मोडले आणि विमान पडले असे प्रकार त्या मानाने थोडे. अमेरिकेत छोट्या विमानांच्या अपघातांचा वर्षानुवर्षे हिशेब ठेवला जातो. त्यात साधारण तीन चतुर्थांश अपघातांचे मूळ वैमानिकाच्या निर्णयात किंवा हाताळणीत सापडते. त्यांतले सर्वांत जास्त उतरताना होतात: विमान जोरात आपटते, चेंडूसारखे उसळते, धावपट्टीवरून घसरून गवतात जाते. चाक मोडते, पंखा वाकतो, विमा कंपनी कुरकुरते आणि माणसे बहुधा आपल्या पायांनी बाहेर येतात. जीव जातात ते वेगळ्या प्रकारच्या अपघातांत. त्यांतला मुख्य प्रकार समजून घ्यायचा तर सव्वाशेहून अधिक वर्षे मागे जावे लागेल.

९ ऑगस्ट १८९६ रोजी बर्लिनच्या वायव्येला श्टोल्न गावाजवळच्या गोलनबर्ग टेकडीवरून ओटो लिलिएनथाल आपले ग्लायडर घेऊन निघाला. त्याच्या नावावर तोवर दोन हजारांच्या वर उड्डाणे जमा होती. त्या दिवशी वाऱ्याच्या झोताने ग्लायडरचे नाक वर गेले, ते हवेत जणू थबकले आणि सुमारे १५ मीटरवरून खाली कोसळले. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याचा मृत्यू झाला. ज्याला आज 'स्टॉल' म्हणतात तोच हा प्रकार. शब्द ऐकून पुष्कळांना वाटते की इंजिन बंद पडले. इंजिनाचा याच्याशी काही संबंध नाही. लिलिएनथालकडे तर इंजिनच नव्हते.

आउटोबानवर शेजारी बसून खिडकीबाहेर हात काढून पाहिले आहे ना? तळवा किंचित वर तिरका केला की हात उचलला जातो. आणखी तिरका करावा तसा जास्त उचलला जातो. पण एका मर्यादेपलीकडे तो नुसताच मागे ढकलला जातो, उचल नाहीशी होते. विमानाच्या पंखाचे अगदी तसेच आहे. पंख आणि समोरून येणारी हवा यांमधला कोन सुमारे १५-१६ अंशांच्या पुढे गेला की पंखावरून सुरळीत वाहणारी हवा पृष्ठभाग सोडून देते आणि उचल एकदम कमी होते. वेग कमी असेल तर तेवढीच उचल मिळवायला नाक वर ओढावे लागते, कोन वाढतो, आणि आपण त्या कड्याच्या टोकाशी जातो. उपाय सोपा आहे: नाक खाली करा, वेग येऊ द्या. अडचण अशी, की जमीन जवळ दिसत असताना नाक खाली करणे माणसाच्या सगळ्या उपजत बुद्धीच्या विरुद्ध आहे.

आता हे नेमके घडते कुठे? विमानतळाभोवती एक काल्पनिक चौकोन असतो, त्याला इथे 'प्लाट्सरुंडं' म्हणतात. शिकाऊ मंडळी तासन् तास या चौकोनात फिरतात: उड्डाण, वळण, धावपट्टीला समांतर, वळण, मग शेवटचे वळण आणि उतरणे. घातकी असते ते हे शेवटचे वळण. समजा मागून वारा आहे, म्हणून विमान अपेक्षेपेक्षा पुढे गेले आणि धावपट्टीची रेषा ओलांडली जाते आहे. वळण अधिक तीव्र करायला हवे. पण जमीन शंभर-दीडशे मीटरवर, तेव्हा विमान फार कलवायची भीती वाटते. मग वैमानिक पायाने सुकाणू दाबून नाक धावपट्टीकडे वळवू पाहतो. आतल्या बाजूचा पंख आणखी मंदावतो. नाक खाली झुकते, म्हणून तो ते हाताने वर ओढतो. आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान त्या बाजूला गरकन फिरत कोसळते. वर हजार मीटरवर हेच झाले असते तर सावरता आले असते. इथे जागाच नसते.

त्यात आणखी एक मेख. वळताना पंखांना विमानाच्या वजनापेक्षा जास्त भार उचलावा लागतो. सरळ उडताना एखादे विमान ताशी ८८ किलोमीटरच्या खाली स्टॉल होत असेल, तर उंची न गमावता ४५ अंश कलून वळताना हीच मर्यादा सुमारे १०५ होते आणि ६० अंश कलल्यावर सुमारे १२४. उतरतानाचा वेगच ११५-१२० च्या आसपास असतो! म्हणजे वेगदर्शकावर आकडा नेहमीचाच दिसतो आणि विमान मात्र पडते. ३१ मार्च २०१९ रोजी फ्रँकफुर्टजवळच्या एगेल्सबाख विमानतळावर उतरताना एक खासगी विमान अशाच शेवटच्या वळणात ताबा सुटून एर्त्सहाउझनच्या शेतात कोसळले. रशियन उद्योजिका नतालिया फिलेवा यांच्यासह तिघे गेले. ते शिकाऊ विमान नव्हते, चांगले ताकदवान टर्बोप्रॉप होते. वळणाला त्याचे काही नसते.

मग इंजिन कधीच दगा देत नाही का? देते, आणि त्यातले एक कारण मला फार गमतीचे वाटले. जुन्या इंजिनांत कार्ब्युरेटर असतो. आपल्याकडचा माठ पाणी कसा गार करतो? पाण्याची वाफ होताना ती उष्णता ओढून घेते. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि हवा अरुंद भागातून जाताना पसरते. दोन्ही मिळून तापमान वीस-तीस अंशांनी सहज उतरते. बाहेर १५ अंशांचा प्रसन्न, दमट दिवस असला तरी आत बर्फ जमतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. वैमानिक बेसावध राहतो तो यामुळेच. कडाक्याच्या कोरड्या थंडीत हा धोका उलट कमी. उपाय म्हणजे गरम हवा आत सोडणारा एक खटका, आणि तो वेळेवर ओढण्याची सवय. इथली शरद ऋतूची हवा या उद्योगाला अगदी अनुकूल!

इंजिन उड्डाणानंतर लगेच बंद पडले तरी बहुधा इंजिन मारत नाही, मागे वळण्याचा मोह मारतो. सुरक्षित धावपट्टी पाठीमागे दिसत असते. पण परत यायला नुसते १८० अंश वळून भागत नाही. वळेपर्यंत विमान धावपट्टीपासून बाजूला गेलेले असते, तेव्हा आणखी वळून रेषेवर यावे लागते, आणि हे सगळे इंजिनाविना, वेग घटत असताना. पुन्हा तेच तीव्र वळण, तोच स्टॉल. समोर बटाट्याचे शेत असेल तर त्यात उतरावे. विमान मोडेल, माणूस वाचण्याची शक्यता पुष्कळ.

एक अहवाल वाचून मात्र मी त्या रात्री पुढे काही वाचू शकलो नाही. २३ जानेवारी २०१८, दिवसाउजेडी, कार्ल्सरूहच्या उत्तरेला फिलिप्सबुर्गजवळ एक पायपर विमान आणि हवाई बचावदलाचे हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळले. विमानात शिक्षक आणि विद्यार्थी. हेलिकॉप्टरही सरावाच्याच उड्डाणावर. चौघेही गेले. या उंचीवर, चांगल्या हवेत, 'पाहा आणि टाळा' हाच मुख्य नियम असतो. पण पाहणे वाटते तितके सोपे नाही. समोरासमोर ताशी १८० ने येणारी दोन विमाने सेकंदाला १०० मीटर जवळ येतात. दोन किलोमीटरवर दहा मीटर पंखांचे विमान हातभर अंतरावर धरलेल्या ज्वारीच्या दाण्याहूनही लहान दिसते, आणि हाती उरतात वीस सेकंद. शिवाय जे विमान खरोखर आदळणार असते ते काचेवर एकाच जागी स्थिर दिसते, आणि आपली नजर हलणाऱ्या वस्तूंनाच चटकन टिपते. शिकवणीच्या वेळी तर दोन्ही डोकी उपकरणांत गुंतलेली असण्याचा संभव अधिक. ग्लायडरमध्ये आता फ्लार्म नावाचे टकरीचा इशारा देणारे उपकरण सर्रास असते. बऱ्याच छोट्या विमानांतही ते बसवलेले असते, सगळ्यांत नाही.

आपल्याकडचेही एक उदाहरण. २०१७ च्या एप्रिलमध्ये गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेले एक शिकाऊ विमान वैनगंगेच्या पात्रावर आडव्या ताणलेल्या तारेला धडकले. शिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेले. विमान दोन इंजिनांचे होते, पण तारेपुढे दुसऱ्या इंजिनाचा काय उपयोग? तार वरून दिसतच नाही. दिसतात ते फार तर खांब, तेही झाडीत लपलेले. खाली, अगदी नदीवरून उडण्यात मजा असते हे खरे, पण नकाशावर नसलेल्या गोष्टी त्याच उंचीवर राहतात.

ढगांविषयी थोडक्यात. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने २० जणांवर एक प्रयोग केला. केवळ उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्यांना बाहेरचे काही दिसेनासे केले, तर विमान किती वेळ ताब्यात राहते? विसांपैकी एकालाही ते राखता आले नाही. सरासरी वेळ १७८ सेकंद. कानातला तोल सांभाळणारा भाग खोटे सांगतो आणि माणूस त्यावरच विश्वास ठेवतो. "पलीकडे मोकळे असेल, जाऊन पाहू" हे वाक्य कोणाच्या तोंडी आले की समजावे.

आणि शेवटी, शिक्षक शेजारी बसला म्हणजे भीती नाही, ही माझी समजूतही गेली. दोन माणसे आणि दोन सुकाणू असले की विमान नक्की कोण चालवतो आहे हा प्रश्न उभा राहतो. विद्यार्थ्याला वाटते सरांनी हाती घेतले, सरांना वाटते तोच चालवतो आहे. म्हणून 'यू हॅव कंट्रोल', 'आय हॅव कंट्रोल' असे मोठ्याने म्हणायची पद्धत आहे. शिवाय चांगला शिक्षक विद्यार्थ्याला चूक करू देतो, स्वतः सुधारू देतो. ते कुठवर, हे ठरवताना एखादा सेकंद जास्त थांबला तर त्याच्याही हातात काही उरत नाही.

एवढे वाचून झाल्यावर मी क्लबवर गेलो. मुख्य शिक्षक निवृत्त गृहस्थ, हातावर ग्रीसचे डाग. मी तीन प्रश्न विचारले: एकटीला सोडण्याआधी वरच्या उंचीवर स्टॉल किती वेळा करून घेता, विमानात फ्लार्म आहे का, आणि उड्डाण रद्द केल्यावर कोणी नाराज होते का. पहिल्या प्रश्नाला ते म्हणाले, "ती कंटाळेपर्यंत, आणि मग आणखी थोडे." दुसऱ्याला त्यांनी विमानाचे दार उघडून उपकरण दाखवले. तिसऱ्याला काही बोलले नाहीत. भिंतीवरची वही काढून समोर धरली. त्या महिन्याच्या पानावर निम्म्याहून अधिक ओळींवर आडवी रेघ होती, आणि पुढे कारण: धुके, वारा, ढग, 'झोप झाली नाही'. शेवटचे कारण त्यांच्या स्वतःच्या नावापुढे होते.

घरी येऊन मी चुंबक काढला आणि सही केली. हिने फक्त "झाले वाचून?" एवढेच विचारले. पहिल्या शनिवारी धुके होते. लेक चार तासांनी परतली, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. दिवसभर विमान धुतले म्हणाली, आणि पंखाखालची इंधनाची निचरा-नळी कुठे असते ते मला कागदावर काढून दाखवले.