पाण्याच्या दोन टाक्यांतील स्वयंपाकाचा गॅस

गोबरगॅस म्हटला की खोल खड्डा, विटांचे बांधकाम आणि दावणीची चार-सहा जनावरे डोळ्यांपुढे येतात. ज्याच्या गोठ्यात एकच गाय आहे, किंवा पुण्यासारख्या शहरात ज्याच्या घरामागे हातभर अंगण आहे, अशा कुटुंबाने त्या वाटेस सहसा जाऊ नये, हे ओघानेच आले.

पुण्यातील ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी २००३ च्या सुमारास या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. गॅस निर्माण करणारे जिवाणू जनावरांच्या पोटात वाढतात. तेथे त्यांना मिळतो तो चारा. शेण हा तर त्यातून उरलेला चोथा. मग जिवाणूंना चोथाच का घालावा? खराब झालेले धान्य, पीठ, अतिपक्व फळे, उष्टे-खरकटे दिले तर काय होईल?

असा प्रश्न केवळ कागदावर सुटत नाही. त्यासाठी पक्के बांधकाम मात्र करावे लागले नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या वरून कापून, मोठीत लहान उपडी बसविली की संच तयार होतो. विरजण म्हणून आरंभी शेणकाला घालावयाचा. गॅस साठला की वरची टाकी उचलली जाते, संपला की खाली बसते. प्रयोग साधला की फसला, हे पाहणाऱ्यास लगेच कळते. फसला तरी हानी दोन टाक्यांची!

संस्थेचा अनुभव असा, की पिष्टमय किंवा साखरयुक्त अशा सुमारे २ किलो पदार्थांपासून एका दिवसात ५०० ग्रॅमच्या आसपास मिथेन मिळतो. तेवढ्याच मिथेनसाठी शेण सुमारे ४० किलो आणि अवधी ४० दिवसांचा लागतो.

तथापि खरी कसोटी घरच्या चुलीपाशीच लागते. अधिक गॅसच्या आशेने अन्न भरमसाट घातले, तर आतील द्रव आंबतो आणि गॅस निघेनासा होतो. अशा वेळी काही दिवस खाद्य बंद ठेवावे लागते. अन्न बारीक करून, पाण्यात कालवून, रोज बेताने घालणे हेच इष्ट.

२००६ साली या संचास इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. पुरस्कार मिळाला तरी थंडीत जिवाणूंचे काम मंदावते ते मंदावतेच. म्हणून टाक्या आडोशाला न ठेवता उन्हात ठेवाव्यात.