गच्चीतला 'गच' आला कुठून?

हेडफोन लावून गच्चीवर बसला असाल, तर आजचा शब्द थेट तुमच्या पायाखालीच आहे. फारसीत 'गच' म्हणजे भिंतीला द्यायचा पांढरा लेप. आपल्याकडे तो चुन्याचा झाला, आणि चुना कुटून पक्की केलेली जागा ती गच्ची. 'चुनेगच्ची वाडा' म्हणतो ना, तिथंही हाच गच.

आपल्या जिल्ह्यात गोरोबाकाकांच्या तेरला त्रिविक्रम मंदिर आहे. विटांचं, आणि मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. मूळचं ते बौद्ध चैत्यगृह असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. आता दगडात कोरलेली धार टिकते, विटेत नाही. शिवाय वीट पाणी पिते. म्हणून विटेच्या बांधकामात ढोबळ आकार वीट घासून काढायचा आणि बारकावा चुन्यात करायचा.

चुनखडी भट्टीत भाजली की मिळतो कळीचा चुना. पाणी टाकलं की तो अक्षरशः उकळतो, मग विरतो. घाणीत वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालून तो मळतात. भिंतीवर सपाट थर दिला तर गिलावा. थर ओला असतानाच कापून फुलं-पानं काढली तर वेलबुट्टी. कमानीची पाकळीदार कड म्हणजे महिरप, छताखालची पुढं आलेली पट्टी म्हणजे कंगणी. शेवटी गुळगुळीत होईपर्यंत घासायचं, ती घोटाई. पुढं हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना हळूहळू परत चुनखडी होतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना इतका स्वच्छ रोलबॅक कधी जमत नाही!

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात उमरगा-लोहारा भागातली दगडमातीची घरं कोसळली. त्यानंतर लोकांचा भरवसा सिमेंटवर बसला, आणि ते समजण्यासारखंच आहे. पण नवं घर वेगळं, जुन्या वाड्याची डागडुजी वेगळी. चुन्याची भिंत ओल घेते आणि बाहेरही सोडते. तिच्यावर सिमेंट मारलं की ओल आत कोंडते, क्षार फुगतात, आणि दोन-चार पावसाळ्यांत सिमेंटचा पापुद्रा निघतो तो जुनी वेलबुट्टी सोबत घेऊनच.

तेव्हा घरी असं काम निघालं, तर गवंडीमामांना आधी एवढं विचारा: "चुन्यात जमेल का?" आणि तुमच्या गावात कंगणीला दुसरा शब्द असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. आजीच्या आवाजात असेल तर फारच भारी.