कोडी कशी सुटतात? (भाग ७) : आधी कोणाला बसवायचं?

मागच्या भागात आपण सुडोकूतली जोडीची युक्ती पाहिली. एका ओळीतल्या दोन चौकटींत फक्त ४ आणि ९ हेच आकडे येऊ शकत असतील, तर कुठे कोणता हे ठरायच्या आधीच उरलेल्या चौकटींतून ते दोन्ही खोडून टाकता येतात. आज हीच युक्ती माणसांना जागा देताना वापरायची आहे.

फोनवर अशा कोड्यांचा एक सुबक खेळ मिळतो, ‘इज धिस सीट टेकन?’ बार्सिलोनाच्या पोटी पोटी स्टुडिओने तो ऑगस्ट २०२५मध्ये आणला. त्यातली पात्रं म्हणजे हातपाय फुटलेले त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळं. कधी बस भरायची असते, कधी सिनेमागृह. एकाला खिडकीच हवी, दुसऱ्याला शेजारी गोंगाट चालत नाही, तिसऱ्याच्या अंगाला वास येतो आणि चौथ्याला वासाचं वावडं. पात्र बोटाने उचलायचं आणि जागेवर सोडायचं. घड्याळाचा धाक नाही, त्यामुळे हवा तेवढा वेळ घ्या.

बहुतेक जण हा खेळ एकाच पद्धतीने खेळतात. पहिला दिसेल त्याला उचलून बरी वाटेल ती जागा देतात, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. शेवटचा प्रवासी हातात राहतो आणि उरलेली जागा नेमकी त्याला नको असते. मग सुरू होते अदलाबदल. चार-पाच जण असतील तर अदलाबदलीने काम भागतं. बारा जणांना बारा जागांवर बसवायच्या ४७,९०,०१,६०० पद्धती आहेत. सेकंदाला एक मांडणी तपासली, तरी सगळ्या तपासायला पंधरा वर्षं लागतील. म्हणून नशिबावर विसंबण्याऐवजी काही रीत हवी.

ती रीत एका छोट्या कोड्यावर पाहू. रेल्वेच्या डब्यात समोरासमोरची दोन बाकं आहेत, प्रत्येकावर तीन जागा. गाडीच्या दिशेने तोंड असलेल्या बाकावर १ ही खिडकीची जागा, २ मधली आणि ३ कडेची. समोरच्या बाकावर ४ खिडकीची, ५ मधली आणि ६ कडेची. म्हणजे १च्या समोर ४, २च्या समोर ५ आणि ३च्या समोर ६. कागदावर हे सहा चौकोन काढून घ्या. प्रवासी सहा आणि त्यांच्या अटी अशा :

आजींना गाडीच्या दिशेने तोंड करून बसायचंय, उलटं बसलं की मळमळतं. छोट्या मुलीला खिडकीच हवी. तिच्या आईला मुलीच्या शेजारी बसायचंय. एका झोपाळू गृहस्थांना डोकं टेकायला खिडकीची जागा लागते आणि मोबाइलवर गाणी वाजवणारा शेजारी चालत नाही. गाणी वाजवणाऱ्या कॉलेजकुमाराचे पाय लांब, त्याला कडेची जागा हवी. सहाव्या काकूंच्या पिशवीत सुकट आहे, आणि आजींना तो वास शेजारून किंवा समोरून आलेला खपत नाही.

सहा जणांच्या एकूण मांडण्या ७२०. आता सुरुवात कोणापासून करायची? सुकटीची अट सगळ्यात ठसठशीत वाटते, पण सुरुवातीला तिचा उपयोग शून्य. आजी कुठे हे ठाऊक नाही आणि काकू कुठे हेही नाही, तर दोघींमधलं अंतर कशावरून ठरवणार? ‘अमक्यापासून तमका लांब’ अशा अटी दोघांतला एक जागेवर बसल्यावरच कामाला येतात. सुरुवात करायची ती थेट जागेशी बांधलेल्या अटींपासून, आणि त्यातही जिच्यात सगळ्यात कमी पर्याय उरतात तिच्यापासून.

खिडक्या दोन आणि त्यांवर हक्क सांगणारेही दोनच : मुलगी आणि झोपाळू गृहस्थ. कोण १वर आणि कोण ४वर हे अजून ठरलेलं नाही. पण दोन्ही खिडक्या या दोघांच्याच हे नक्की झालं, म्हणून बाकी चौघांच्या यादीतून खिडकी खोडा. सुडोकूतली जोडी ती हीच. एका झटक्यात ७२०च्या ४८ उरल्या.

आता आई. मुलगी खिडकीशी, म्हणजे तिला शेजार एकच, मधल्या जागेचा. मुलगी १वर असेल तर आई २वर, मुलगी ४वर असेल तर आई ५वर. उरल्या १२.

इथून दोन फाटे फुटतात, म्हणून कागदावर दोन आकृत्या करा. पहिलीत मुलगी १, आई २, गृहस्थ ४. आजींना पहिलं बाक हवं आणि तिथे मोकळी फक्त ३. दुसरीत गृहस्थ १, मुलगी ४, आई ५. इथे आजींना २ किंवा ३ असे दोन पर्याय आहेत. दोन्ही आकृत्या मिळून आता ६ मांडण्या.

कॉलेजकुमाराला कड हवी, म्हणजे ३ किंवा ६. पहिल्या आकृतीत ३वर आजी बसल्या, म्हणून तो ६वर. दुसरीत आजी २वर असतील तर त्याला दोन्ही कडा मोकळ्या, आजी ३वर असतील तर फक्त ६. एकूण उरल्या ४.

आता कुठे सुकटीची पाळी आली. पहिल्या आकृतीत काकूंना ५ उरते. त्या आजींच्या शेजारी नाहीत आणि समोरही नाहीत, तेव्हा हरकत नाही. दुसऱ्या आकृतीत काकू ३वर किंवा २वर आल्या तर आजींना अगदी खेटून बसतात, म्हणून त्या दोन्ही मांडण्या बाद. आजी २, कॉलेजकुमार ३ आणि काकू ६ ही तेवढी शिल्लक राहते. ७२०पासून सुरू झालेला प्रवास ४८, १२, ६, ४ असा करत दोनवर थांबला, आणि वाटेत एकदाही अदलाबदल करावी लागली नाही.

वाचता वाचता तुमच्या लक्षात आलं असेल की एक अट आपण वापरलीच नाही. झोपाळू गृहस्थांना गाणी नको होती. ते खिडकीशी, कॉलेजकुमार कडेला, मध्ये एक जागा असणारच. ती अट बाकीच्या अटींमधून आपोआप पाळली जाते. कोडं रचणारे अशा फालतू अटी मुद्दाम पेरतात, कारण त्या वाचायला मजेशीर असतात आणि घाईच्या माणसाला गुंतवून ठेवतात. एखादी अट जितकी रंगतदार, तितका तिचा उपयोग जास्त असेल असं मुळीच नाही.

ज्याला जागा कमी त्याला आधी बसवायचं, हा नियम संगणकशास्त्रात चांगलाच मुरलेला आहे. अटी पाळून प्रत्येकाला जागा द्यायची, अशा समस्यांवर रॉबर्ट हॅरलिक आणि गॉर्डन एलियट यांनी १९८०मध्ये लिहिलेल्या निबंधात त्याला नाव मिळालं : फेल-फर्स्ट, म्हणजे जिथे फसायची शक्यता सगळ्यात जास्त तिथे आधी हात घाला. ऐकायला उफराटं वाटतं. पण जी वाट चुकीचीच आहे, तिच्यावर दहा पावलं चालून मग परतण्यापेक्षा दुसऱ्याच पावलाला ती बंद असल्याचं कळलेलं बरं. ज्याला कुठेही चालतं त्याला आधी बसवलं, तर तो नेमकी दुसऱ्याच्या एकमेव जागेवर बसून राहतो आणि हे आपल्याला फार उशिरा कळतं. लग्नाच्या पंगतीत गुडघे धरलेल्या आजोबांची खुर्ची आधी लावतात आणि पोरासोरांना मग मिळेल तिथे बसवतात, त्यातलं शहाणपण हेच.

आधी कोण या प्रश्नाने गणितज्ञांनाही बराच काळ चकवलं आहे. फ्रेंच गणितज्ञ एद्वार ल्युका यांनी १८९१मध्ये एक प्रश्न मांडला. गोल टेबलाभोवती काही जोडप्यांना बसवायचंय. स्त्री आणि पुरुष एकाआड एक आले पाहिजेत, आणि कोणतीही बायको आपल्या नवऱ्याच्या शेजारी येता कामा नये. अशा मांडण्या किती? तीन जोडप्यांसाठी हे हाताने काढता येतं. सहा खुर्च्यांपैकी एकाआड एक तीन खुर्च्यांवर बायका बसवा. उरलेल्या प्रत्येक खुर्चीच्या दोन्ही बाजूंना दोघी आल्या, त्यांचे नवरे तिथे चालणार नाहीत, म्हणून तिथे तिसरीचाच नवरा. पुरुषांची मांडणी एकच निघाली. खुर्च्यांचा संच निवडायच्या २ पद्धती, तीन बायका बसवायच्या ६, गुणाकार १२. पण चार जोडप्यांना उत्तर येतं ९६ आणि पाच जोडप्यांना ३,१२०. पुढे आकडे असे उधळतात की हाताने मोजणं सोडूनच द्यावं लागतं. कितीही जोडप्यांसाठी चालेल असं सूत्र जॅक तुशार यांनी १९३४मध्ये दिलं, तोवर चाळीसहून अधिक वर्षं उलटली होती.

मग १९८६मध्ये केनेथ बोगार्ट आणि पीटर डॉयल या दोन अमेरिकन गणितज्ञांनी दाखवून दिलं की प्रश्न मुळात एवढा अवघड नव्हताच. सगळे जण बायकांना आधी बसवून मग पुरुष मोजत आले होते. सभ्यतेचा रिवाज गणितात शिरला होता. कोणालाच आधी न बसवता टेबलाभोवती जोडप्यांना मिळून किती प्रकारे शेजारच्या दोन खुर्च्या देता येतात हे मोजलं, तर तेच सूत्र सरळ बाहेर पडतं. कोड्याचा अवघडपणा कधी कोड्यात असतो, कधी आपण धरलेल्या क्रमात.

आपल्या डब्याच्या कोड्याला दोन उत्तरं आली, ही गोष्ट काहींना खटकली असेल. खेळात दोन्ही चालतात. सगळे प्रवासी खूश असले की झालं, कोण कुठे बसलाय याच्याशी खेळाला देणंघेणं नसतं. बँकेच्या परीक्षांत मात्र असं चालत नाही. मुंबईत मुख्यालय असलेली आयबीपीएस ही संस्था सरकारी बँकांच्या भरतीच्या परीक्षा घेते. त्यांतल्या बैठकव्यवस्थेच्या प्रश्नांना एकच उत्तर लागतं, कारण पुढचे प्रश्न ‘डावीकडून तिसरा कोण?’ असे असतात. आपलं कोडं परीक्षेला द्यायचं तर एक अट वाढवावी लागेल : आजींना कॉलेजकुमार शेजारी नको. दुसऱ्या आकृतीत तो २च्या शेजारी ३वर आहे, ती बाद झाली आणि पहिली एकटी उरली. म्हणून परीक्षेत दोन आकृत्या शेवटपर्यंत जिवंत राहिल्या, तर एखादी अट वाचायची राहिली असं समजा आणि पुन्हा वर जा. खेळात तसं झालं, तर कुठलीही एक घ्या आणि पुढची पातळी गाठा.

गोल टेबलाच्या कोड्यांसाठी दोन सूचना. पहिली, टेबलाला सुरुवात नसते, म्हणून कोणाही एकाला कुठल्याही खुर्चीवर पक्कं बसवून टाका. सहा जणांच्या ७२० मांडण्या लगेच १२० होतात. दुसरी, सगळे टेबलाकडे तोंड करून बसले असतील, तर वरून पाहताना प्रत्येकाची उजवी बाजू घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला येते. टेबलाकडे पाठ असेल तर काट्यांच्या दिशेने. परीक्षेत निम्मे आत आणि निम्मे बाहेर तोंड केलेले असले की इथेच गुण जातात. नावापुढे बाणाची खूण केली की घोळ होत नाही.

आता या आठवड्याचं कोडं. अनघा, भास्कर, चित्रा, दिनेश, ईशा आणि फिरोज गोल टेबलाभोवती समान अंतरावर, टेबलाकडे तोंड करून बसले आहेत.

१. चित्रा अनघाच्या बरोबर समोर आहे.
२. भास्कर चित्राच्या लगेच उजवीकडे आहे.
३. दिनेश आणि ईशा एकमेकांच्या शेजारी आहेत.
४. दिनेश अनघाच्या शेजारी नाही.

फिरोजच्या समोर कोण? उत्तर दोन मिनिटांत निघेल, पण तेवढ्यावर थांबू नका. डब्याच्या कोड्यात एक अट फालतू निघाली. इथे चारपैकी एकही फालतू नाही, आणि ते सिद्ध करून दाखवणं हे खरं काम. प्रत्येक अट आळीपाळीने झाका आणि उरलेल्या तीन अटी पाळणाऱ्या किमान दोन मांडण्या शोधा. उत्तर पुढच्या भागात, आणि तिथून आपण कोडी सोडवण्याकडून कोडी रचण्याकडे वळणार आहोत.